कायदा घडवून आणणारे सदस्य वेगळे कशात असतात?

प्रश्न असा आला आहे: मंत्रिपद नाही, समितीचं अध्यक्षपद नाही, पक्षातही वजन बेताचंच. तरीसुद्धा काही आमदार-खासदार एका मुदतीत दोन-तीन कायद्यांवर आपली छाप सोडून जातात. काही मात्र वीस-वीस वर्षं सभागृह गाजवूनही एक कलम बदलू शकत नाहीत. हा फरक कशाने पडतो, आणि पहिल्यांदा निवडून आलेल्या सदस्याने काय शिकावं?

माझी सगळी नोकरी विधिमंडळाच्या विधेयक शाखेत गेली. सदस्यांचे मसुदे तपासायचे, खंड-पोटखंडांचे क्रमांक लावायचे, सुधारणांच्या सूचना नियमात बसतात का ते पाहायचं, हे आमचं काम. त्यामुळे सभागृहातली भाषणं मी कमी ऐकली आणि सदस्य कागद घेऊन आमच्या टेबलाशी येतात तो क्षण फार वेळा पाहिला. कुणाच्या हातून कायदा होणार याचा अंदाज बहुतेक वेळा तिथेच यायचा. ज्याच्या हातून होतो, तो मसुदा घेऊन येतानाच त्यातलं काय सोडायचं हे ठरवून आलेला असतो. वक्तृत्व, अभ्यास, चिकाटी, ओळखी सगळं लागतं. पण ही एक तयारी नसेल तर बाकीचं सगळं असूनही विधेयक अडतं.

आधी मोजमापाचं बोलू, कारण तिथेच गफलत होते. वर्तमानपत्रं प्रश्नांची संख्या मोजतात, मांडलेली विधेयकं मोजतात, हजेरी मोजतात. सदस्याच्या नावाचं विधेयक मंजूर होणं हीच कसोटी धरली तर आपल्याकडे जवळजवळ सगळेच नापास ठरतील. स्वातंत्र्यानंतर संसदेने मंत्री नसलेल्या खासदारांची, म्हणजे अशासकीय, फक्त १४ विधेयकं मंजूर केली, आणि त्यातलं शेवटचं १९७० साली. म्हणून काय त्यानंतर एकाही साध्या खासदाराने कायदा घडवला नाही? भरपूर घडवला. मंत्र्यांच्या नावावर असलेल्या विधेयकात एखादा खंड घालून, समितीच्या अहवालात एक शिफारस बसवून, किंवा सरकारला स्वतःचं विधेयक आणायला भाग पाडून घडवला.

अमेरिकन काँग्रेसपुरतं हे मोजण्याचा नीट प्रयत्न क्रेग व्होल्डन आणि अॅलन वाइजमन या दोन अभ्यासकांनी केला आहे. प्रत्येक सदस्याची विधेयकं मांडणीपासून कायदा होईपर्यंतच्या पाच टप्प्यांत कुठवर पोचली ते ते पाहतात, आणि विधेयक नाममात्र आहे की भरीव यावरून वजन देतात. दुसऱ्याच्या विधेयकात आपला मजकूर घालून तो कायद्यात आणणाऱ्यांनाही श्रेय मिळावं म्हणून त्यांनी पुढे ही पद्धत वाढवली. बहुमतातल्या पक्षात असणं आणि समितीचं अध्यक्षपद यांचा फायदा मोठा, हे त्यांच्या आकड्यांत स्पष्ट दिसतं. ते कुणाला नवीन नाही. माझ्या दृष्टीने महत्त्वाचा भाग वेगळा आहे: समोरच्या पक्षातले सहप्रस्तावक मिळवणारे सदस्य जास्त परिणामकारक ठरतात, आणि हे बहुमतवाल्यांनाही लागू पडतं. संसदेची रचना वेगळी असली तरी आमच्या टेबलावरून मला हेच दिसत आलं.

आता सोडण्याबद्दल. यासाठी आपल्याच इतिहासातली दोन माणसं शेजारी ठेवून पाहावीत असं मला नेहमी वाटतं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली केंद्रीय कायदे मंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. ते अजिबात टोकाचं नव्हतं. ज्या भागात ठरावीक प्रमाणात मुलं आधीच शाळेत जातात तिथेच सक्ती, तीही स्थानिक संस्थेने मागितली तर, आणि प्रांतिक सरकारने मान्यता दिली तर. इतक्या अटी घालून गोखल्यांनी बरंच आधीच सोडलं होतं. तरी मार्च १९१२ मध्ये ते प्रवर समितीकडे, म्हणजे विधेयक तपासणाऱ्या सदस्यांच्या समितीकडे, पाठवण्याचा प्रस्तावच १३ विरुद्ध ३८ मतांनी पडला. मंडळात सरकारी सदस्यांचं बहुमत होतं, आणि गोखल्यांच्या योजनेत खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलायचा होता. हिंदुस्थानभर लागू होऊ शकणारा खर्च म्हटल्यावर अर्थखात्याने हात वर करणं ठरलेलंच.

सहा वर्षांनी विठ्ठलभाई पटेलांनी तोच विचार मुंबई इलाख्याच्या कायदे मंडळात नेला. देश सोडला, इलाखा धरला. खेडी सोडली, नगरपालिका धरल्या. मुंबई शहरही बाहेर ठेवलं. उरलं ते इतकंच, की जिल्ह्यातल्या एखाद्या नगरपालिकेला आपल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करायचं असेल तर ती करू शकेल. १९१८ साली तो कायदा झाला. सक्तीच्या शिक्षणाचा ब्रिटिश हिंदुस्थानातला हा पहिला कायदा, आणि तो सरकारच्या नव्हे तर एका बिनसरकारी सदस्याच्या हातून आला. पुढच्या दोनच वर्षांत पंजाब, संयुक्त प्रांत, बंगाल, बिहार, मध्य प्रांत, मद्रास इथेही असे कायदे झाले.

यावरून गोखले कमी पडले असं कुणी म्हणू लागलं तर मी ते मान्य करणार नाही. गोखल्यांनी दोन वर्षं देशभर जी चर्चा घडवली, आक्षेप लेखी स्वरूपात पुढे आणले, खर्चाचे हिशेब मांडले, त्यामुळेच पटेलांना कुठे धक्का लागणार आणि कुठे वाट मोकळी आहे हे आधी कळलं. पडलेलं विधेयक हा पुढच्या माणसासाठी तयार नकाशा असतो. म्हणून कुठल्याही विषयात हात घालण्यापूर्वी त्यावर आधी कुणी काय मांडलं होतं आणि ते कुठल्या शब्दावर अडलं, हे ग्रंथालयात बसून शोधाच. सभागृहाच्या कामकाजाची कार्यवृत्तं तिथे असतात. ती उघडणारे सदस्य मी फार थोडे पाहिले, आणि जे उघडायचे त्यांचे मसुदे हातात घेताक्षणी वेगळे वाटायचे.

सोडायची दुसरी गोष्ट म्हणजे श्रेय, आणि ती पहिल्यापेक्षा जड जाते. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध ब्रिटिश संसदेत विल्यम विल्बरफोर्स वर्षानुवर्षं विधेयकं आणत होते. १७९१ साली पडलं, मधली पडत गेली, १८०५ सालीही पडलं. मग सागरी कायद्याचे जाणकार असलेल्या जेम्स स्टीफन यांनी एक वाट सुचवली. फ्रान्सशी युद्ध चालू होतं. तेव्हा ब्रिटिश जहाजांनी शत्रूच्या आणि परक्यांच्या वसाहतींना गुलाम पुरवू नयेत, एवढंच विधेयक युद्धाचा उपाय म्हणून सरकारकडून येऊ द्यावं. ते आलं, आणि विल्बरफोर्स व त्यांचे साथीदार मुद्दाम मागे राहिले, कारण त्यांनी तोंड उघडलं असतं तर विरोधक सावध झाले असते. १८०६ साली ते मंजूर झालं आणि व्यापाराचा फार मोठा भाग तिथेच कापला गेला. उरलेल्या व्यापाराचं समर्थन करण्यात कुणाला फारसा रस उरला नाही. पुढच्या वर्षी संपूर्ण बंदीचं विधेयक दुसऱ्या वाचनाला २८३ विरुद्ध १६ मतांनी पुढे गेलं. अठरा-वीस वर्षं ज्या विषयासाठी आपण ओळखले जातो, त्याच विषयावर निर्णायक दिवशी गप्प बसायचं! मला विल्बरफोर्सच्या सगळ्या भाषणांपेक्षा ही गोष्ट मोठी वाटते.

समोरच्यालाही काही न्यायला मिळायला हवं, हे याच्या पुढचं पाऊल. अमेरिकेत १९८४ साली डेमोक्रॅट हेन्री वॅक्समन आणि रिपब्लिकन ऑरिन हॅच यांनी मिळून औषधांचा जो कायदा केला त्यात जेनेरिक औषधं बनवणाऱ्यांची सगळ्या चाचण्या नव्याने करण्यापासून सुटका झाली, आणि मूळ औषध शोधणाऱ्या कंपन्यांना मंजुरीच्या प्रक्रियेत वाया गेलेला पेटंटचा काही काळ परत मिळाला. दोन्ही बाजू घरी काहीतरी घेऊन गेल्या, म्हणून कायदा टिकला.

आता आपल्या सभागृहांकडे येतो. इथे मनं वळवायची जागा सभागृहाबाहेर असते, हे नव्या सदस्याने पहिल्या दिवशी समजून घ्यावं. १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर पक्षादेश निघाला की स्वतःच्या मनाप्रमाणे मत देण्याचा प्रश्नच उरत नाही. विधेयक सभागृहात येतं तेव्हा त्याचं बरंवाईट बहुधा ठरून गेलेलं असतं. ते कुठे ठरतं? विभागाच्या फायलीत. आणि फायलीवरची पहिली टिपणी कक्ष अधिकारी लिहितो. तुमच्या विधेयकावर किंवा सुधारणेवर 'मान्य करणे उचित होणार नाही' असं तिथे एकदा लिहिलं गेलं की वर अवर सचिव, उपसचिव, सचिव, मंत्री अशी सगळी माळ त्या वाक्याला बांधली जाते. ते वाक्य खोडायला फार ताकद लागते. टिपणी लिहिली जाण्यापूर्वी त्या अधिकाऱ्याला भेटून 'यात तुम्हाला अंमलबजावणीत अडचण कुठे येईल' असं विचारणारे सदस्य हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. विचारणाऱ्याला अधिकारी मनापासून सांगतात, कारण त्यांना कुणी असं विचारलेलंच नसतं. पुष्कळदा ती अडचण एका शब्दाची असते.

दुसरी जागा पैशाची. विधेयकामुळे एकत्रित निधीतून, म्हणजे सरकारी तिजोरीतून, खर्च होणार असेल तर संविधानाच्या अनुच्छेद ११७ प्रमाणे राष्ट्रपतींची आणि राज्यात अनुच्छेद २०७ प्रमाणे राज्यपालांची शिफारस लागते. ती नसेल तर सभागृहाला विधेयक मंजूर करता येत नाही. ही शिफारस म्हणजे प्रत्यक्षात सरकारचाच होकार. नवा सदस्य उत्साहाने विधेयकात एक प्राधिकरण काढतो, त्याला अध्यक्ष, सदस्य, कार्यालय, कर्मचारी देतो, आणि त्या एका खंडापायी सगळं विधेयक शिफारशीच्या दारात उभं राहतं. सभागृह विसर्जित झालं की तिथल्या तिथे व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. मी सदस्यांना नेहमी विचारायचो, हे काम आत्ता असलेल्या कुठल्या अधिकाऱ्याच्या कर्तव्यात बसवता येईल? बहुतेक वेळा बसवता येतं. तहसीलदाराला किंवा कामगार आयुक्ताला एक जबाबदारी वाढवून दिली की प्राधिकरणाचा खंड गळतो.

समितीचं महत्त्व सगळे जाणतात, पण ती वेळकाढूपणासाठी नेमली जाते असा समज आहे. हरबिलास सारडांचा अनुभव उलट आहे. त्यांनी १९२७ साली मांडलेलं बालविवाहबंदीचं विधेयक फक्त हिंदूंपुरतं होतं, मुलीच्या लग्नाचं किमान वय बारा होतं आणि त्याखालचा विवाह अवैध ठरत होता. विधेयक समितीकडे गेलं. पुढे मोरोपंत जोशींच्या अध्यक्षतेखालच्या समितीने देशभर साक्षी घेतल्या, आणि महिला संघटनांनी साक्षी देऊन, सदस्यांना भेटून विषय धगधगता ठेवला. १९२९ साली कायदा झाला तेव्हा तो सर्व धर्मीयांना लागू होता, मुलीचं वय चौदा आणि मुलाचं अठरा झालं होतं. विवाह अवैध ठरवण्याची तरतूद मात्र गेली, फक्त शिक्षा राहिली. सारडांनी एक मोठी गोष्ट सोडली आणि दोन मोठ्या गोष्टी पदरात पाडून घेतल्या. सोडलेल्या गोष्टीची किंमत पुढे मुलींना मोजावी लागली, हेही खरं आहे, आणि ते लपवून सांगू नये. सोडताना कुणाच्या वाट्याचं सोडतो आहोत याची जाणीव सदस्याला असलीच पाहिजे.

मग येतो तो क्षण, जिथे मी चांगले-चांगले सदस्य चुकताना पाहिले. चर्चा संपते, मंत्री उठतात आणि म्हणतात, 'सन्माननीय सदस्यांच्या भावनांशी शासन सहमत आहे. शासन सर्वंकष विधेयक आणण्याचा विचार करील. सदस्यांनी आपलं विधेयक मागे घ्यावं.' बाकं वाजतात, सदस्य मागे घेतात, आणि विषय संपतो. इथे दोन वाटा आहेत. एक राज्यसभेतले खासदार तिरुची शिवा यांची. तृतीयपंथीयांच्या हक्कांचं त्यांचं विधेयक मागे घेण्याची विनंती त्यांनी मानली नाही आणि २४ एप्रिल २०१५ रोजी राज्यसभेने ते मंजूर केलं. सर्वोच्च न्यायालयाचा तृतीयपंथीयांविषयीचा निकाल वर्षभरापूर्वीच आला होता, त्यामुळे उघड विरोध करणं कुणालाच सोपं नव्हतं. वेळ त्यांनी अचूक साधली. लोकसभेत ते मंजूर झालं नाही, पण सरकारला २०१६ साली स्वतःचं विधेयक आणावं लागलं आणि २०१९ साली कायदा झाला. तो शिवांच्या मसुद्यापेक्षा बराच वेगळा होता, आणि तृतीयपंथीयांच्या संघटनांनी त्यावर कडक टीकाही केली.

दुसरी वाट अशी, की मागे घ्या, पण किंमत वसूल करून. 'विचार करील' वर मागे घेऊ नका. 'पुढच्या अधिवेशनात आणील' हे शब्द कार्यवृत्तात येऊ द्या. ते आले की ते आश्वासन होतं, आश्वासन समितीच्या यादीत जातं, आणि विभागाला त्याचं उत्तर द्यावं लागतं. लोकसभेत त्यासाठी तीन महिन्यांची मुदत असते. मुदतवाढी मिळतात, मान्य आहे. पण यादीत चढलेला विषय कुणीतरी दर काही महिन्यांनी उघडतो, आणि तुम्ही समितीच्या अध्यक्षांना आठवण करून देत राहिलात तर तो बंद होत नाही.

वक्तृत्वाबद्दल थोडक्यात. चांगलं भाषण वृत्तपत्रात जातं, विधेयकात क्वचित. ते विषय तापवायला उपयोगी. खंडावर चर्चा सुरू झाली की मात्र दोन मिनिटांत नेमकं बोलणारा सदस्य हवा असतो.

याहून कितीतरी जास्त उपयोग एकच विषय धरून बसण्याचा होतो. पाण्यावर सतत दहा वर्षं बोलणारा सदस्य उभा राहिला की मंत्री अधिकाऱ्यांच्या दीर्घेकडे (गॅलरीकडे) बघतात, कारण चुकीची माहिती दिली तर हा पकडणार हे त्यांना माहीत असतं. असा सदस्य विरोधी पक्षात असला तरी विधेयकाचा मसुदा त्याला आधी दाखवला जातो. तुम्ही पहिल्या वर्षी एक विषय निवडा, आणि मग दुसऱ्या विषयावर बोलायचा मोह झाला तर आवरा.

शेवटी एक प्रसंग सांगतो, कारण वर जे लिहिलं ते मी बहुतांशी त्यातूनच शिकलो. असंघटित कामगारांच्या नोंदणीचं सरकारी विधेयक आलं होतं. विरोधी बाकावरचे एक सदस्य, दुसरीच मुदत, आमच्याकडे एकोणीस सुधारणा घेऊन आले. आदल्या रात्री बसून विधेयक पेन्सिलने वाचून काढलेलं. मी सूचना तपासायला घेतल्या तेव्हा त्यांनी त्या माझ्यासमोरच तीन गठ्ठ्यांत मांडल्या. 'हे पंधरा द्यायला आणलेत. हे तीन मिळाले तर बरं. आणि हा एक घेतल्याशिवाय मी उठणार नाही.'

तो एक म्हणजे नियमांचा खंड. विधेयकात होतं, 'राज्य शासनास नियम करता येतील.' त्यांना हवं होतं, 'राज्य शासन सहा महिन्यांच्या आत नियम करील.' वाचणाऱ्याला फरक किरकोळ वाटेल. पण या कायद्यात नोंदणीचा अर्ज कुठे द्यायचा, कुणी घ्यायचा, ओळखपत्र कसं असेल, हे सगळं नियमांवर सोडलेलं होतं. नियम झाले नाहीत तर कायदा राजपत्रात राहिला असता आणि एकाही कामगाराची नोंद झाली नसती. असे कायदे आहेत, वर्षानुवर्षं नियमांविना पडलेले.

विभाग 'करील' ला तयार नव्हता. हे सदस्य दोन दिवस सचिवांच्या दालनात आणि मंत्र्यांच्या अँटिचेंबरमध्ये जात-येत राहिले. पंधरा सुधारणा एकेक करून सोडत गेले, आणि प्रत्येक सोडताना तोच खंड पुन्हा पुढे करत गेले. शेवटी शब्द ठरले: 'शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत या अधिनियमाच्या प्रारंभापासून एक वर्षाच्या आत, नियम करील.' मंत्र्यांची एकच अट होती, की सुधारणा शासनाच्या नावाने येईल. सदस्यांनी तिथल्या तिथे होकार दिला आणि मला स्वतःची सूचना मागे घेत असल्याचं पत्र लिहायला बसवलं. कार्यवृत्तात त्या खंडापुढे त्यांचं नाव कुठेच नाही.

नियम राजपत्रात आले ते बाराव्या महिन्यात, मुदत संपायला थोडे दिवस उरले असताना. मी प्रत घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सरळ मागची पानं उलटली आणि नोंदणी-अर्जाचा नमुना काढून रकान्यांवरून बोट फिरवायला सुरुवात केली. सातव्या रकान्यावर थांबले. तिथे मालकाचं नाव भरणं सक्तीचं होतं. 'ज्याला रोज सकाळी वेगळा मालक मिळतो, त्याने इथे काय लिहायचं?' त्यांनी विचारलं. नियम सभागृहासमोर ठेवले जातात तेव्हा सभागृहाला त्यात फेरफार सुचवता येतो, हे त्यांना माहीत होतं. फक्त सूचना किती दिवसांत द्यायची तेवढं मला विचारून घेतलं, आणि त्याच राजपत्राच्या समासात पेन्सिलने तारीख लिहून ठेवली.